टाचणी ओळखायची, तर आधी पाणी बघा



मागच्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गाला एक छोटा प्रकल्प दिला होता. घराजवळचे पाणी बघायचे, त्यावर उडणारे कीटक बघायचे आणि एका पानात लिहून आणायचे. किला गेटकडच्या मुलांनी गडावरची तळी बघितली, लष्करातल्या मुलांनी स्वर्णरेखा नाला बघितला, काहींनी मुरारच्या नदीचा काठ निवडला. एका वहीत असे लिहिले होते : ‘नाल्यावर पुष्कळ टाचण्या उडत होत्या. टाचणी स्वच्छ पाण्यावरच राहते. म्हणून नाल्याचे पाणी स्वच्छ आहे.’

भाषा शुद्ध होती, अक्षर सुरेख होते. मी बरोबरची खूण करूनही टाकली. पान उलटले तर मागच्या बाजूला त्याच विद्यार्थ्याने लिहिले होते : ‘वास फार येत होता, म्हणून आम्ही लवकर परत आलो.’ आता ही दोन्ही वाक्ये एकदम खरी कशी असतील? मुलाने डोळ्यांनी बघितले ते खरेच होते. नाल्यावर टाचण्या होत्याच. चूक होती ती मधल्या वाक्यात, आणि ते वाक्य त्याने कुठल्यातरी पुस्तकात वाचलेले होते. मी खूण खोडली नाही, पण शेजारी एक प्रश्नचिन्ह काढले. त्या प्रश्नाचे उत्तर वर्गात द्यायला तास पुरला नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

थोडक्यात उत्तर असे : टाचणी आहे की नाही, एवढ्यावरून पाण्याची परीक्षा होत नाही. कोणती टाचणी आहे, हे बघावे लागते. आणि कोणती टाचणी हे ठरवायचे, तर आधी ती कोणत्या पाण्यावर बसली आहे हे बघावे लागते.

चतुर आणि टाचणी

पावसाळा संपता संपता मैदानावर घिरट्या घालणाऱ्या कीटकाला आपण ‘हेलिकॉप्टर’ म्हणतो. मराठीत त्याचे नाव चतुर. टाचणी ही चतुराची जवळची नातेवाईक. दोघांचा गण एकच, पण उपगण वेगळे. जगात या गणाच्या सहा हजारांहून अधिक जाती माहीत आहेत. भारतात सुमारे पाचशे, आणि त्यांपैकी सह्याद्रीच्या रांगांत सुमारे दोनशे.

दोघांतला फरक ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. चतुर बसला की चारही पंख विमानासारखे आडवे पसरून बसतो. टाचणी बसली की पंख मिटून पाठीवर घेते. (काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, म्हणून एवढ्याच खुणेवर थांबू नये.) चतुराचे डोळे मोठे असतात आणि बहुतेक जातींत डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून लांब असतात. समोरून बघितले तर डोके छोट्या हातोडीसारखे दिसते. चतुराचा मागचा पंख बुडाशी रुंद असतो, टाचणीचे पुढचे-मागचे पंख जवळजवळ सारखे असतात. टाचणीचे अंग नावाप्रमाणेच बारीक असते. आपण जिला शेपटी म्हणतो, ते खरे तर तिचे पोट. ते दहा कड्यांचे बनलेले असते, आणि या कड्या मोजता आल्या तर ओळख पटवणे फार सोपे होते.

दोन आयुष्ये

टाचणीचे पंखांचे आयुष्य थोडे, साधारण काही आठवड्यांचे. त्याआधीचे सगळे आयुष्य ती पाण्यात अळीच्या रूपात काढते. काही जातींत हा काळ दोन-तीन महिन्यांचा, तर काहींत वर्षभराचा किंवा त्याहूनही अधिक असतो. मादी आपल्या पोटाच्या टोकावरच्या धारदार अवयवाने पाणवनस्पतीच्या देठाला, मुळाला किंवा भिजलेल्या लाकडाला छोटी चीर पाडते आणि आत अंडे ठेवते. अंड्यातून निघालेली अळी पाण्यातले लहान जीव खाऊन वाढते, पुष्कळ वेळा कात टाकते आणि शेवटी देठावर चढून पंख घेऊन बाहेर पडते.

अळीच्या पोटाच्या टोकाला पानांसारखे तीन कल्ले असतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ती या कल्ल्यांतून आणि अंगाच्या कातडीतूनही घेते. थंड आणि दगडांवरून उड्या मारत वाहणाऱ्या पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. उन्हाने तापलेल्या, थांबलेल्या आणि सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात तो कमी होतो. ज्या जातीच्या अळीला थोडा प्राणवायू पुरतो ती तळ्यात, डबक्यात, नाल्यात तग धरते. जिला भरपूर प्राणवायू लागतो, ती वाहत्या थंड पाण्याबाहेर जगत नाही. पंखवाली टाचणी तुम्हाला कोठे दिसेल, हे तिच्या पिलांना कोणते पाणी मानवते यावर ठरते.

सेनेगलचे नाव, ग्वाल्हेरचे पाणी

गडावरच्या तळ्याकाठी मुलांनी जे फोटो काढले होते, त्यांतल्या बऱ्याच फोटोंत एकच टाचणी होती. पाठीवरून काळपट, छातीच्या बाजूंना हिरवट-निळी आणि पोटाच्या टोकाजवळ, आठव्या कडीवर, लख्ख निळा पट्टा. ही इश्नुरा सेनेगालेन्सिस. रांबूर नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १८४२ मध्ये तिचे वर्णन केले आणि आफ्रिकेच्या पश्चिम टोकावरील सेनेगल देशावरून नाव ठेवले. आपण तिला ‘सेनेगल टाचणी’ म्हणू.

नाव सेनेगलचे असले तरी ती तेथून आपल्याकडे आलेली पाहुणी नव्हे. आफ्रिका, अरबस्तान, भारत आणि पुढे जपानपर्यंत ती सगळीकडे घरचीच आहे. याचे कारण तिचा स्वभाव. साचलेले पाणी चालते, गढूळ चालते, किंचित खारटही चालते. ऊन असावे आणि काठाला थोडे गवत असावे, की झाले. नाल्यावर मुलाने बघितलेली टाचणी बहुधा हीच किंवा हिच्यासारखीच एखादी सोशिक जात. पिवळ्याधमक पोटाची कोरोमंडल टाचणी (सेरियाग्रिऑन कोरोमंडेलियानम) हीसुद्धा भारतभर तळ्यांच्या आणि भातखाचरांच्या काठी दिसते.

अशा टाचण्या दिसल्या म्हणजे एवढेच कळते की तेथे पाणी आहे आणि ते अगदी निर्जीव झालेले नाही. ते स्वच्छ आहे, असे त्या सांगत नाहीत. ही साक्ष द्यायची, तर ती दुसऱ्याच टाचण्यांनी द्यावी लागते. त्यांना भेटायला आपल्याला जंगलातल्या ओढ्यावर जावे लागेल.

साताऱ्याच्या रानओढ्यावर

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना सातारा जिल्हा परका नाही. शिंदे घराणे मूळचे त्याच जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये येथे लष्कराचा तळ दिला, त्याचेच पुढे लष्कर शहर झाले, आणि आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या काळात घाटावरून इकडे आले. सातारा शहराच्या पश्चिमेला डोंगरात ठोसेघर गाव आहे, तेथला धबधबा प्रसिद्ध आहे. २०२१ मध्ये या गावाचे नाव एका नव्या टाचणीला मिळाले : युफिया ठोसेघरेन्सिस. म्हणजे ही टाचणी पिढ्यान्‌पिढ्या तेथे उडत होती, गावकऱ्यांनी ती बघितलीही असेल, पण विज्ञानाच्या दप्तरात तिची नोंद नव्हती.

युफिया या प्रजातीतल्या टाचण्या जोरात वाहणाऱ्या ओढ्यांवर राहतात. नर काळसर रंगाचे, पोटावर तांबूस किंवा नारिंगी छटा, आणि पुष्कळ जातींत मागच्या पंखाच्या टोकाला काळा डाग. ओढ्यातल्या दगडावर किंवा पाण्यावर झुकलेल्या काटकीवर नर ठाण मांडून बसतो आणि दुसरा नर आला की त्याला हुसकावतो. हिची अळी दगडांच्या खालच्या बाजूला चिकटून राहते. शेवटच्या तीन कल्ल्यांखेरीज तिच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना आणखी कल्ल्यांची रांग असते. एवढे कल्ले असणारी अळी कोणत्या पाण्यासाठी घडली आहे, हे वेगळे सांगायला नको.

सह्याद्रीच्या ओढ्यांवर हिच्या सोबतीला आणखीही मंडळी असतात.

हिरवी झळाळी (न्यूरोबेसिस चायनेन्सिस) : नराचे पुढचे पंख पारदर्शक, मागचे पंख मोरपिशी हिरवे. बसल्यावर पंख मिटलेले असतात, त्यामुळे रंग लपतो. उडाली की एकदम हिरवा प्रकाश चमकतो. उन्हाचे कवडसे पडणारा, दगडगोट्यांचा वाहता ओढा तिला आवडतो.

रानझळाळी (वेस्टॅलिस) : अंग धातूसारखे हिरवे, पंख पारदर्शक, एका जातीत पंखांची टोके काळी. ओढ्याजवळच्या दाट सावलीत, झुडपांवर अनेक जणी एकत्र बसलेल्या आढळतात.

ओढ्याचे माणिक (हेलिओसायफा बायसिग्नेटा) : टाचण्यांत ठेंगणी आणि जाड. पोट पंखांपेक्षा आखूड, चेहरा पुढे नाकासारखा आलेला. नर काळा, त्यावर माणकासारखा लाल रंग. ओढ्यात पडलेल्या ओंडक्यावर किंवा पाण्याबाहेर आलेल्या खडकावर बसतो.

सावलीतली काडी (प्रोटोस्टिक्टा) : पोट फारच लांब आणि बारीक. अगदी अंधाऱ्या, ओलसर जागी, नेच्याच्या पानाला किंवा खडकातून लोंबणाऱ्या मुळाला लटकून राहते. उड्डाण दुबळे, दोन-चार हात उडून पुन्हा बसते. हिच्या सह्याद्रीतल्या बहुतेक जाती दक्षिण भागातल्या.

ही मराठी नावे मी वर्गासाठी केलेली आहेत. वहीत लिहिताना कंसातले शास्त्रीय नावही लिहावे, म्हणजे घोटाळा होणार नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. वरच्या चारही वर्णनांत मी टाचणीचा रंग सांगताना तिची जागाही सांगितली. ती पाल्हाळ म्हणून नव्हे. एकाच ओढ्यावर उन्हातल्या खडकाची एक टाचणी, ओंडक्याची दुसरी, झुडपाची तिसरी आणि अंधाऱ्या कपारीची चौथी. ओढ्याच्या शंभर पावलांत त्यांनी आपापल्या जागा वाटून घेतलेल्या असतात. जागा चुकवली की ओळखही चुकते.

आफ्रिकेतले नातेवाईक

सेनेगलच्या निमित्ताने आफ्रिकेचे नाव निघालेच आहे. तेथल्या रानओढ्यांवरही असेच आहे. आपल्या हिरव्या झळाळीच्या आणि रानझळाळीच्या कुळातल्या उम्मा आणि साफो या प्रजाती पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या दाट जंगलांच्या ओढ्यांवर राहतात. आपल्या माणकाच्या कुळातल्या क्लोरोसायफा प्रजातीचे लाल-निळे नर तेथल्या वाहत्या पाण्यावर बसलेले दिसतात. त्याच कुळातली प्लॅटिसायफा कॅलिगाटा ही पूर्व व दक्षिण आफ्रिकेतली टाचणी तर नाचासाठी प्रसिद्ध आहे. नराचे पाय एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने पांढरे असतात. मादीसमोर तरंगत तो हे पाय थरथरवून दाखवतो.

दोन खंडांत हजारो मैलांचे अंतर आहे, पण माणकाच्या कुळाची खूण दोन्हीकडे तीच : पुढे आलेला चेहरा, पंखांपेक्षा आखूड पोट आणि वाहत्या ओढ्याची आवड. म्हणून कुळाची खूण एकदा पक्की केली, की अनोळखी देशातली टाचणीही निम्मी ओळखता येते.

२०१५ मध्ये डाइकस्ट्रा, किपिंग आणि मेझिएर या तीन अभ्यासकांनी आफ्रिकेतल्या चतुर व टाचण्यांच्या ६० नव्या जाती एकाच लेखात जाहीर केल्या. त्या वेळी आफ्रिकेतल्या सुमारे सातशे जाती माहीत होत्या. त्यांत एकदम साठांची भर पडली! त्यांतल्या एका टाचणीचे नाव त्यांनी गमतीने उम्मा गुम्मा ठेवले. उम्मा हे प्रजातीचे नाव आधीपासून होतेच आणि ‘उम्मागुम्मा’ हे एका इंग्रजी वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव. गंमत बाजूला ठेवली तर त्यातला मुद्दा गंभीर आहे. एवढे मोठे, रंगीत, दिवसा उडणारे कीटकही अजून नोंदवायचे राहिले आहेत.

आपल्या देशातही तेच. पुण्याच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये केरळातल्या एका ‘सावलीतल्या काडी’ला प्रोटोस्टिक्टा आर्मागेडोनिया असे नाव दिले. आर्मागेडन म्हणजे बायबलमधले जगाच्या अंतकाळचे युद्ध. जगभर कीटक कमी होत चालले आहेत, तिकडे लोकांचे लक्ष जावे म्हणून त्यांनी हे नाव मुद्दाम निवडले.

ओळखण्याची रीत : पाच प्रश्न

टाचणी दिसली की घाईने पुस्तकातल्या चित्राशी रंग जुळवू नका. पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा आणि उत्तरे वहीत लिहा.

१. पाणी कसे आहे? साचलेले की वाहते? उन्हात की सावलीत? तळाशी चिखल, वाळू की दगड? उन्हाळ्यातही राहते की पावसाळ्यापुरते?

२. ती कोठे आणि कशी बसली आहे? गवतावर, खडकावर, ओंडक्यावर की लोंबत्या मुळावर? पंख पूर्ण मिटलेले की अर्धे उघडे?

३. पंख कसे आहेत? पारदर्शक की रंगीत? अंगाला जोडलेल्या जागी देठासारखे अरुंद की सुरुवातीपासूनच रुंद? पंखाच्या पुढच्या कडेवर मध्याच्या अलीकडे एक छोटा सांधा असतो. बुडापासून त्या सांध्यापर्यंत आडव्या शिरा किती? फोटो मोठा करून मोजा. सेनेगल टाचणी, कोरोमंडल टाचणी आणि ‘सावलीतली काडी’ यांना तेथे दोनच शिरा असतात. झळाळी, माणिक आणि युफिया यांच्या कुळांना पुष्कळ असतात. एवढ्या एका मोजणीने निम्मी यादी बाद होते.

४. रंग कोठे आहे? नुसते ‘निळी टाचणी’ लिहू नका. पोटाच्या कितव्या कडीवर निळे, छातीवर पट्टे किती, डोळ्यांचा रंग वर कोणता आणि खाली कोणता, हे लिहा.

५. नर, मादी की कोवळी? नर-मादीचे रंग बहुधा निराळे असतात. सेनेगल टाचणीच्या तर काही माद्या नरासारख्या दिसतात, काही वेगळ्या, आणि कोवळी मादी पुष्कळदा नारिंगी असते. नुकत्याच पंख फुटलेल्या टाचणीचा रंग फिका असतो, तो पुढे बदलतो. म्हणून रंगाचा पुरावा एकट्याने धरू नये. अगदी सारख्या दिसणाऱ्या जातींत तज्ज्ञ मंडळी नराच्या पोटाच्या टोकावरचे चिमटे भिंगाखाली बघून निर्णय देतात.

पाचही उत्तरे लिहूनही नाव ठरले नाही, तर ‘कुळ अमुक, जात ठरली नाही’ असे लिहावे. ही नोंद कमी प्रतीची नव्हे. चुकीच्या नावापेक्षा ती कितीतरी उपयोगी आहे.

एक समुद्र ओलांडतो, एक ओढा सोडत नाही

काही मुले विचारतील, ओढा बिघडला तर टाचणी उडून दुसरीकडे का जात नाही? तिला पंख आहेतच की. पावसाळ्यानंतर मैदानावर दिसणारा पिवळसर चतुर, पँटाला फ्लेव्हेसेन्स, खरोखरच तसे करतो. हा पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत वाढतो आणि वाऱ्याबरोबर प्रचंड अंतर कापतो. ऑक्टोबरच्या सुमारास मालदीव बेटांवर त्यांचे थवे उतरतात. ते भारतातून निघून हिंदी महासागरावरून पूर्व आफ्रिकेला जातात, असे चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने २००९ मध्ये मांडले.

रानओढ्यावरच्या टाचणीचे तसे नाही. सावलीतल्या काडीला उघडे, तापलेले माळरान म्हणजे समुद्रच. दोन ओढ्यांच्या मधले जंगल तुटले की ती एका ओढ्यावर अडकते. सावली गेली की पाणी तापते. डोंगर उघडा पडला की माती वाहून येते आणि दगडांखालच्या फटी बुजतात. युफियाची अळी त्याच फटींत राहते. ओढा वाहताना दिसत असतो, पण तिचे घर गेलेले असते.

आणि येथेच आपल्या प्रकल्पातली चूक पुरती कळते. जंगल तुटले, ओढा उघडा पडला, म्हणून सगळ्या टाचण्या नाहीशा होत नाहीत. त्या बदलतात. सावलीतल्या जाती जातात आणि उन्हातल्या, साचलेल्या पाण्यातल्या सोशिक जाती येतात. वरवर बघणाऱ्याला टाचण्यांची संख्या वाढलेलीसुद्धा दिसेल. नुसत्या संख्येवर विसंबणारा म्हणेल, ‘ओढा सुधारला.’ नावे लिहिणाऱ्यालाच कळेल, काय गेले ते.

मग आपल्या नाल्याचे काय?

स्वर्णरेखा लष्करातून वाहते. जून १८५८ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा घोडा याच नाल्यापाशी अडला, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. राणीची समाधी फूलबागेजवळ आहे. आज त्याच प्रवाहाच्या मोठ्या भागाचा तळ आणि काठ सिमेंटचे आहेत आणि त्यात शहराचे सांडपाणी मिसळते. तिच्या दुरुस्तीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढेही गेला. सिमेंटच्या तळाला दगडाखालची फट नसते आणि सिमेंटच्या काठाला मूळ नसते. तेव्हा पाणी उद्या स्वच्छ केले, तरी अंडे ठेवायला आणि अळीला लपायला जागा द्यावी लागेल. नदी सुधारणे म्हणजे पाणी गाळणे एवढेच नव्हे, हे टाचणीच्या आयुष्यावरून मुलांनाही समजते.

मात्र तुलना न्यायाने करावी. ग्वाल्हेरचा प्रदेश कोरडा. येथे वर्षाचा पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास. आपले पुष्कळसे ओढे पावसाळ्यात वाहतात आणि नंतर त्यांची डबकी होतात. येथे ठोसेघरची युफिया दिसली नाही, म्हणून पाणी घाण असे म्हणणे ही पहिल्या चुकीचीच उलटी बाजू झाली. स्वर्णरेखेची तुलना साताऱ्याशी न करता आपल्याच भागातल्या पाण्याशी करावी : तिघराजवळची सांक नदी, शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानातले ओढे, भदैया कुंड. मध्य भारतात, काठाला झाडी असलेल्या वाहत्या पाण्यावर डिस्पॅरोन्यूरा क्वाड्रिमॅक्युलाटा ही टाचणी आढळते. नर तांबडा आणि चारही पंखांवर रुंद काळपट पट्टा, त्यामुळे ती दुरूनही ओळखू येते. ही किंवा वाहत्या पाण्याची दुसरी एखादी जात आपल्या शहरातल्या प्रवाहावर मिळते का, हा शोधण्यासारखा प्रश्न आहे.

या वर्षीचा उपक्रम

विद्यार्थ्यांनी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एकच जागा निवडावी आणि दर पंधरा दिवसांनी, सकाळी ऊन वर आल्यावर, अर्धा तास तेथे बसावे. पाच प्रश्नांची उत्तरे, तारीख आणि जागा लिहावी. टाचणी पकडू नये, फोटो किंवा चित्र पुरे. दिसल्या नाहीत तर ‘दिसल्या नाहीत’ हेही लिहावे.

पालकांना विनंती की मुलांना पाण्याकाठी एकटे पाठवू नये. गडावरच्या कुंडांच्या पायऱ्या निसरड्या असतात आणि ओढ्याला पाऊस पडल्यावर अचानक लोंढा येतो. आपण सोबत जावे आणि मुलांबरोबर थोडे आपणही बघावे. सुट्टीत साताऱ्या-कोल्हापूरकडे नातेवाइकांकडे जाणार असाल, तर एक सकाळ जवळच्या ओढ्यासाठी ठेवावी. तेथली नोंद आणि येथली नोंद शेजारी ठेवली की मुलांना जे कळेल, ते फळ्यावर सांगून कळत नाही.

विश्वस्त मंडळाकडे मागणी लहानशीच आहे. चार भिंगे, दोन पांढरे उथळ ट्रे आणि शाळेच्या ग्रंथालयात कायमची राहील अशी एक जाड नोंदवही. एका वर्षाची नोंद म्हणजे एक प्रकल्प. दहा वर्षांच्या नोंदी म्हणजे शहराच्या पाण्याचा इतिहास. उद्या स्वर्णरेखेचे काम झाले, तर ती खरेच सुधारली की नुसती सजली, हे आपल्या शाळेची वही सांगू शकेल. पण त्यासाठी आजची नोंद हाताशी हवी.

राहिला तो प्रश्नचिन्हाचा विद्यार्थी. त्याचे गुण मी कापलेले नाहीत. वास येत होता, हे त्याने प्रामाणिकपणे लिहिले नसते तर माझीही चूक माझ्या ध्यानात आली नसती. त्याला एवढेच सांगितले आहे की या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा जायचे, आठवी कडी बघायची, आणि मधले वाक्य स्वतः दुरुस्त करून आणायचे.